इटलीपर्यंत आंबा बंद

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी महालक्ष्मीच्या घटासमोर हातावर पाणी घेऊन वासंतीताई मुळ्ये म्हणाल्या, "इटलीच्या जमिनीवर पाय ठेवीपर्यंत मी आंबा तोंडात घालणार नाही." घरात कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. डिसेंबरात आंबा असतो कुठे? दत्तात्रेय पलीकडच्या खोलीत कोडं सोडवत होते, ते नुसतं "बरं" म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झालेला नवरा "बरं" म्हणतो तेव्हा त्याने ऐकलेलं नसतं, हे वासंतीताईंना माहीत होतं. पण ते देवाला सांगितलं होतं, नवऱ्याला नव्हे, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही.

आता मुळ्यांच्या घरात वस्तू सोडण्याचा इतिहास जरा भीतिदायक आहे. लेकीच्या, मनस्विनीच्या, दहावीसाठी वासंतीताईंनी चहा सोडला होता. निकाल चांगला लागला, चहा परत आला, इथवर ठीक. मग दत्तात्रेयांच्या बढतीसाठी त्यांनी वांगं सोडलं. बढती आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. शेवटी दत्तात्रेय आहेत त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला बढती मिळत नाही, त्यामुळे वांगं कायमचं गेलं. त्या घरात भरीत हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारतात.

इटली घरात शिरली ती वातींमधून. वासंतीताईंचा लक्ष वातींचा नेम चालू होता. रोज दुपारी जेवणं आवरली की कापूस घेऊन बसायचं आणि समोर मनस्विनीने दिलेल्या जुन्या टॅबवर कीर्तन लावायचं. कीर्तन संपलं की ते यंत्र आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं. हातात कापूस असल्यामुळे वासंतीताईंना ते बंद करता यायचं नाही. अशाच एका दुपारी आरती संपली आणि एकदम एक दगडी गल्ली दिसू लागली. दारोदारी म्हाताऱ्या बायका पाटावर कणीक घेऊन बसलेल्या. सुरीने तुकडा पाडायचा, अंगठ्याने ओढायचा, की कानाच्या पाळीसारखी वाटी तयार!

"अहो, इकडे या लवकर!" वासंतीताईंचा आवाज एरवी देवघराबाहेर ऐकू जात नाही, तो त्या दिवशी गेटपर्यंत गेला. "या बायका नखुल्या करतायत!"

नखुल्या, गव्हले, मालत्या हे लग्नकार्यात खिरीसाठी बोटांनी वळायचे प्रकार हल्ली पाकिटात मिळतात. पण वासंतीताईंचा हात त्यात असा की गुहागरला त्यांच्या माहेरी लग्न ठरलं की आधी वासंतीची तारीख घेत आणि मग कार्यालयाची. त्यांना वाटे, ही कला आता आपल्याबरोबर संपणार. आणि इथे सातासमुद्रापलीकडे एक अख्खी गल्ली तेच करत बसली होती!

त्यानंतर वाती मागे पडल्या नाहीत, पण वातींबरोबर इटलीही वळली जाऊ लागली. तिथे दर चार कोसांवर चीज बदलतं, एका खोऱ्यातला पदार्थ दुसऱ्या खोऱ्यातली माणसं पानात घेत नाहीत, उत्तरेकडची माणसं दक्षिणेकडच्या तेलाला नावं ठेवतात, हे सगळं त्यांना कळलं. "म्हणजे आपल्यासारखीच आहेत हो," त्या समाधानाने म्हणाल्या. सगळ्यात त्यांच्या मनात भरली ती तिथली एक वेगळी सुटी. या सुटीत माणूस एका गावात जातो आणि तीन-तीन आठवडे तिथेच राहतो. काही बघत नाही, काही करत नाही. दाराबाहेर खुर्ची टाकतो आणि बसतो.

"मला तिथे जाऊन बसायचंय," त्या म्हणाल्या.

"बसायला इटली कशाला लागते? आपली ओटी आहे की," दत्तात्रेय म्हणाले.

"ओटीवर बसले की तुम्ही चहा मागता."

नेमका तेव्हाच दत्तात्रेयांना चहा हवा होता.

शेजारचे नानलभाऊ युरोपातले जाणकार समजले जातात. त्यांनी एका कंपनीबरोबर बारा दिवसांत दहा देश केले आहेत. बातमी कळताच ते चप्पल न घालता आले.

"इटली? दीड दिवसाचं काम आहे वहिनी. सकाळी तो वाकडा मनोरा, त्याला ढकलतोय असा फोटो, दुपारी बोट, रात्री मुक्कामाला पुढचा देश. एकवीस दिवस, तेही एका गावात? पोलीस चौकशी करतील."

"मी काय वाईट करणार आहे?"

"काहीच करणार नाही, तेच तर संशयास्पद आहे! आणि खाणार काय? आम्ही बारा दिवस थेपले खाल्ले."

"इटलीत?"

"इटलीत, फ्रान्सात, सगळीकडे. थेपला सगळीकडे सारखाच लागतो, तोच त्याचा मोठेपणा."

नानलभाऊंचं बोलणं सहसा खरं होत नाही, पण संशयाचा मुद्दा मात्र खरा ठरला. मनस्विनीने पुण्याहून सगळं जुळवलं. दक्षिणेकडे पुलिया म्हणून प्रांत आहे, तिथलं ग्रोत्तासेक्का नावाचं गाव. हे नाव घेताना दत्तात्रेयांची कवळी सैल होई. तिथे फिलोमेना नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाईंच्या घरची माडी ठरली. व्हिसाच्या अर्जासाठी रत्नागिरीतल्या एका एजंटाकडे गेले, तर तो म्हणाला, "रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. मी रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स टाकून देतो. सगळे तसंच करतात. जायचं कोणाला?"

वासंतीताईंचा गेल्या चातुर्मासापासून खोटं न बोलण्याचा नेम होता. त्या नम्रपणे म्हणाल्या, "बोललेलं चालत नाही, मग लिहिलेलं कसं चालेल?" आणि घरी येऊन त्यांनी वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात कार्यक्रम लिहिला. दिवस पहिला: पोहोचणे, आंघोळ, बसणे. दिवस दुसरा: पूजा, नखुल्या, बसणे. दिवस तिसरा: गुरुवार, उपास, बसणे. असं करत एकविसाव्या दिवशी: निघणे. मनस्विनीने कपाळाला हात लावत त्याचं इंग्रजी केलं.

मुंबईला खिडकीपलीकडच्या मुलीने तो कागद दोनदा वाचला.

"मॅडम, यात बघण्याची ठिकाणं कुठेत?"

"नाहीयेत ना."

"मग जाताय कशाला?"

"बसायला."

"ते इथे नाही का बसता येत?"

"सकाळपासून बसलेच आहे, बाळ. पण ते बसणं वेगळं."

दत्तात्रेय बाजूला उभे राहून छताकडे बघत होते, जणू या बाईंना ते ओळखत नव्हते.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. बरोबर एक छापील कागद होता. प्रवासाचा हेतू पटण्यासारखा वाटत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. वासंतीताईंनी तो देवापुढे ठेवला. आयुष्यात त्यांच्या आमटीवर टीका झाली होती, माहेरावर झाली होती, पण हेतूवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तेही छापील!

आणि इकडे फाल्गुन लागला.

रत्नागिरीजवळ गोळपला मुळ्यांची हापूसची साठ कलमं आहेत. त्या घरची रीत अशी की पहिला तयार आंबा देवाला, दुसरा घरच्या बाईला. हा काही लाडाचा भाग नव्हे. कुठल्या कलमाचा आंबा आता भरायचा, कुठल्याला आठ दिवस थांबायचं, हे वासंतीताई एक फोड जिभेवर ठेवून सांगतात आणि त्यावर पेट्या भरल्या जातात. पुण्यातली ठरलेली गिऱ्हाइकं आंबा मागवत नाहीत, वासंतीताईंची जीभ मागवतात. बागेवरचा भागोजी पहिली परडी घेऊन आला, सुरी धुतली, फोड पुढे केली आणि वासंतीताईंनी मान हलवली.

"काय झाला वैनी? उपास हाय?"

"इटली आहे," दत्तात्रेय खिन्नपणे म्हणाले. डिसेंबरातलं "बरं" त्यांना आता ऐकू आलं होतं.

मग चाखायचं काम दत्तात्रेयांकडे आलं. पण त्यांना सगळेच आंबे गोड लागत. छत्तीस वर्षं घरात वाद नको म्हणून जिभेला तसंच वळण लावलेलं. त्यांच्या भरवशावर पहिल्या पेट्या पुण्याला गेल्या आणि चार दिवसांत फोन सुरू झाले. एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?" माणूस गेल्यावर ज्या आवाजात विचारतात, त्या आवाजात.

भागोजी उंबऱ्यावर बसून म्हणाला, "वैनी, तुमी नाय चाखलाव तर कलमांना तरी कसा कळायचा आपन गोड झालाव ते?"

वासंतीताईंचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. पाहुण्यांसाठी रस काढताना तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे. पन्नास वर्षांच्या सवयीने जीभ आपोआप तिकडे निघे. शेवटी त्या तोंडाला रुमाल बांधून रस काढू लागल्या. पाहुणे म्हणत, "किती स्वच्छता!"

सल्ल्यांचा तर पूर आला. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सोय आहे, थोडं दान करून नेम सोडवता येतो. समोरच्या साखळकरवहिनी म्हणाल्या, आंबा नका खाऊ, आंबावडी खा, तिच्यात आंबा असतोच कितीसा? नानलभाऊंनी रात्रभर विचार करून कायदेशीर तोड काढली.

"वहिनी, परदेशाची वकिलात ही त्या देशाचीच भूमी मानतात. मुंबईत इटलीची वकिलात आहे. दारातून आत एक पाय ठेवायचा, पिशवीतून आंबा काढायचा, खायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत."

"आणि हे देवाला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"आंबा खाल्लेल्या," नानलभाऊ म्हणाले.

पण वासंतीताईंना वांगं आठवत होतं. इटली झाली नाही, तर आंबा कायमचा जाणार, तोही रत्नागिरीत! आणि नेम सोडवून आंबा खाल्ला, तर इटली जाणार. मग पुढची सगळी वर्षं ओटीवर बसायचं आणि चहा करायला उठायचं. त्यांनी पदर खोचला. "अर्ज पुन्हा करायचा," त्या मनस्विनीला फोनवर म्हणाल्या. "कार्यक्रम तोच. एक शब्द बदलायचा नाही. फक्त त्या बाईंना विचार, मी काय करायला येत्येय ते तुम्हीच लिहून द्याल का?"

फिलोमेनाबाईंचं पत्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आलं. मनस्विनीने त्याचं मराठी वाचून दाखवलं. "माझ्या दाराबाहेर दोन खुर्च्या आहेत. माझे यजमान गेल्यापासून एक रिकामी असते. या बाईंना बसायचं आहे. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला समजत नाही." खाली गावच्या नगराध्यक्षांचा शिक्का होता. तो त्यांनी का मारला ते कळलं नाही. बहुधा तेही फिलोमेनाबाईंना घाबरत असावेत.

मेच्या मध्यावर व्हिसा आला.

दत्तात्रेयांनी बागेतले सहा सर्वोत्तम हापूस निवडले, पेंढ्यात गुंडाळले आणि हातातल्या पिशवीत ठेवले. हिशेब सोपा होता. परत येईपर्यंत मृग लागलेला असणार, आंबा संपलेला असणार. तेव्हा तिकडे पाय ठेवायचा आणि तिकडेच खायचा. विमानात त्या पिशवीचा असा काही घमघमाट सुटला की पुढच्या रांगेतला एक माणूस झोपेत हसू लागला.

रोमच्या विमानतळावर विमानातून उतरून वासंतीताईंनी जमिनीला वाकून नमस्कार केला. मागची रांग थांबली. लांब बोळातून चालता चालता दत्तात्रेय कुजबुजले, "वासंती, पाय ठेवलास. झालं. काढू का आंबा?"

"इथे? आंघोळीवाचून? पारोशाने नेम सोडायचा?"

"मग तोंड धू तिथे."

"आणि नैवेद्य? देव त्या मोठ्या बॅगेत आहेत."

बॅग घेऊन दाराशी आले तर दोन वाटा होत्या. काही सांगायचं नसेल त्यांनी हिरव्या पाटीखालून जायचं, काही सांगायचं असेल त्यांनी तांबड्या. सगळं विमान हिरव्याखालून गेलं. वासंतीताई तांबड्याकडे वळल्या.

"अगं, कुणी विचारलेलं नाही!"

"म्हणून काय झालं? पाटीने विचारलंय."

तिथल्या साहेबासमोर त्यांनी पिशवी उघडून सहाही आंबे टेबलावर मांडले, हळदीकुंकवाला मांडावेत तसे. साहेबाने हुंगलं, डोळे मिटले, उघडले आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगितलं की फळाला सरकारी दाखला लागतो, दाखला नसेल तर ते नष्ट करावं लागतं. दत्तात्रेय मराठीत म्हणाले, "अहो, एक तरी खाऊ द्या तिला!" साहेबाला मराठी येत नव्हतं, पण कळलं असावं. त्याने वासंतीताईंकडे पाहिलं. वासंतीताईंनी मान हलवली. आंघोळ झालेली नव्हती.

सहा हापूस डब्यात गेले. पुढचे सहा तास गाडीत दत्तात्रेय खिडकीबाहेर बघत राहिले. फक्त एकदा म्हणाले, "बोळात खाल्ला असतास." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

फिलोमेनाबाई बुटक्या, काळ्या कपड्यातल्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी पहिल्या संध्याकाळी आपला सर्वात चांगला पदार्थ केला: वांग्याच्या तळलेल्या चकत्या, टोमॅटोचा रस्सा, चीज, सगळं थरावर थर लावून भाजलेलं. वासंतीताईंनी ताटाला हात जोडले आणि ब्रेड घेतला. दत्तात्रेयांनी मात्र पंधरा वर्षांनी घरच्या जेवणात वांगं पाहिलं. त्यांनी तीन वेळा घेतलं आणि विमानतळाबद्दल बायकोला मनोमन माफ केलं.

दुसऱ्या दिवसापासून बसणं सुरू झालं. दाराबाहेर दोन खुर्च्या, मध्ये पाट. पहिल्याच फटक्यात वासंतीताईंच्या अंगठ्याखालून अशी वाटी निघाली की फिलोमेनाबाईंनी ती तळहातावर घेऊन समोरच्या, शेजारच्या आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांना दाखवली. मग वासंतीताईंनी त्यांना गव्हले दाखवले. तांदळाच्या दाण्याएवढे. गल्लीतल्या बायका पाटाभोवती गोळा झाल्या. दत्तात्रेय चौकातल्या म्हाताऱ्यांमध्ये जाऊन बसत. ते ऑलिव्हच्या झाडांवरच्या रोगाबद्दल बोलत, हे आंब्यावरच्या तुडतुड्याबद्दल. भाषा कोणाचीच कोणाला येत नव्हती, पण दोन्हीकडची हळहळ सारखी होती. आणि चहा कोणीही मागत नव्हतं.

बोलण्यासाठी मनस्विनीने फोनमध्ये एक बाई बसवून दिली होती. इकडून इटालियन घातलं की तिकडून मराठी निघे, तेही सरकारी परिपत्रकासारखं. फिलोमेनाबाईंच्या परसात चेरीची दोन झाडं फळांनी लगडली होती. त्या टोपल्या भरभरून गल्लीत वाटत, पण स्वतः एकही तोंडात घालत नसत. चौथ्या दिवशी वासंतीताईंनी विचारलं. फोनमधली बाई उत्तरली, "माझा पुत्र जर्मनी येथे कार्यरत आहे. तो घरी येईपर्यंत मी चेरी वर्ज्य केलेली आहे. हे मी माता मेरीस कळविले आहे."

वासंतीताईंचे हात थांबले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"किती वर्षं झाली?"

"ही सहावी चेरी आहे."

मग वासंतीताईंनी आपला आंबा सांगितला, ते सहा हापूस सांगितले, वांगं सांगितलं. वांग्यापाशी फिलोमेनाबाई एप्रनमध्ये तोंड लपवून इतक्या हसल्या की शेजारीण पाणी घेऊन आली. हसणं ओसरल्यावर वासंतीताईंनी हळूच विचारलं, "पण मुलाला सांगितलंत का हे?"

फिलोमेनाबाईंनी त्यांच्याकडे वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "मुलाला कशाला? देवीला सांगितले आहे."

"अहो बाई," वासंतीताई म्हणाल्या, आणि त्यांच्या मवाळ आवाजाला व्हिसाच्या खिडकीवरची धार आली, "देवाला सांगितलं तरी अर्ज आपल्यालाच भरावा लागतो. लावा फोन."

फिलोमेनाबाई नाही म्हणाल्या. आईने मुलाला "ये" म्हणायचं म्हणजे काय? मानाचा प्रश्न होता. वासंतीताईंनी दोन दिवस वाट पाहिली, जशी दूध तापायची बघतात, आणि मग मानाला धक्का न लावणारी तोड काढली. फिलोमेनाबाईंनी मुलाला फोन लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की घरी हिंदुस्थानातली पाहुणी आहे, तिचं व्रत अडलंय, गावात आंबा मिळत नाही, तरी तुझ्या मोठ्या शहरातून एक आंबा घेऊन ये. स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

रोक्को पंधराव्या दिवशी आला. चाळिशीतला, टक्कल पडत चाललेला, दारात एक पेटी छातीशी धरून उभा. आईने त्याला एक चापट मारली, मग घट्ट धरलं, मग पुन्हा चापट मारली. मग सगळी गल्ली वासंतीताईंकडे वळली. रोक्कोने पेटीतून आंबा काढला. स्पंजच्या जाळीचा झगा घातलेला, एका बाजूने तांबडा, एका बाजूने हिरवा, अंगावर चिकटपट्टी आणि क्रिकेटच्या चेंडूइतका टणक.

गोळपच्या साठ कलमांच्या मालकिणीने आंघोळ केली. बाळकृष्णाला नैवेद्य दाखवला. देवानेही बहुधा सभ्यपणे घेतला असावा. दत्तात्रेयांनी फोड कापली, त्यासाठी त्यांना उभं राहून जोर लावावा लागला. वासंतीताईंनी ती जिभेवर ठेवली. ज्या जिभेवर पुणं आंबे मागवतं, तिला प्रथम काहीच कळलं नाही, मग काकडीची ओळख पटली, मग दूरवर टर्पेंटाइन.

"कसा आहे?" फोनमधल्या बाईने सगळ्यांच्या वतीने विचारलं.

खोटं न बोलण्याचा नेम होता. वासंतीताईंनी समोर पाहिलं. फिलोमेनाबाई मुलाच्या खांद्याला धरून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातात त्यांची सहा वर्षांतली पहिली चेरी होती. तिचा रस त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

"गोड आहे," वासंतीताई म्हणाल्या. आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण त्यात कुठेही खोटं बोलल्याची टोचणी नव्हती.

दत्तात्रेयांनी मात्र फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत नानलभाऊंना कळलं, दहा मिनिटांत रत्नागिरीतल्या अख्ख्या नाचणे रोडला. भागोजीचा ध्वनिसंदेश आला. त्यात एवढंच होतं, "वैनी, ता काय खाल्लाव?"

निघायच्या दिवशी दोघी दाराबाहेर शेवटचं बसल्या. पाटावर अर्ध्या वाट्या, अर्धे गव्हले. फिलोमेनाबाई डोळे पुसत होत्या. रत्नागिरी किती लांब आहे ते फोनमधल्या बाईला विचारत होत्या. वासंतीताईंनी त्यांचा हात हातात घेतला, शेजारच्या तांब्यातलं पाणी तळहातावर घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती ओळखीची शांतता पसरली.

"फिलोमेनाबाई, तुम्ही एकदा माझ्या ओटीवर येऊन बसेपर्यंत मी..."

दत्तात्रेय चौकातून परतत होते. छत्तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बायकोचं वाक्य सुरुवातीपासून ऐकलं. ते बॅग टाकून धावले, टोपलीतल्या चेऱ्या मुठीने उचलल्या आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या तोंडात कोंबल्या.